स्टिकरखालचा दुसरा नंबर : घराच्या एसी-हीटिंगच्या कामात झालेली माझी फसवणूक

करारातल्या रकमेपैकी ६० टक्के पहिल्याच दिवशी, ३० टक्के सामान दारात आल्यावर आणि त्यावर १२ टक्के ‘जादा नळी व स्टँड’ यांसाठी, असे एकूण १०२ टक्के पैसे मी ज्या कंत्राटदाराला दिले, त्याने सहा वर्षे वापरलेले यंत्र नवे म्हणून माझ्या घराला बसवले. ते काम निस्तरण्यासाठी दुसऱ्या माणसाला आणखी ३८ टक्के द्यावे लागले. दर ठिकठिकाणी वेगळे असतात, म्हणून आकडे टक्क्यांत देत आहे. कोणालाही ते आपल्या हातातल्या कोटेशनला लावून पाहता येतील.

हे लिहिताना मला लाज वाटते. दुसऱ्यांची बिले तपासणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि तरीही स्वतःच्या घरी आलेला एक ओळीचा कागद मी विनातक्रार स्वीकारला. तेव्हाची परिस्थिती मात्र सांगितलीच पाहिजे. वडिलांना श्वसनाचा त्रास आहे, थंडी तोंडावर आली होती आणि आमचे थंड-गरम दोन्ही करणारे जुने यंत्र गरम हवा देईनासे झाले होते. विचारलेल्या दोन कंत्राटदारांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, तिसरा त्याच दुपारी आला. रात्रभर खोकणाऱ्या माणसाशेजारी बसून मी निर्णय घेतला, तो निवांत बसून घेतलेला नव्हता.

त्याने आउटडोअर युनिटला गेज (दाब मोजायचे उपकरण) लावला, पाच मिनिटांत काढला आणि सांगितले की गॅस उडाला आहे, कॉम्प्रेसर शेवटच्या घटका मोजतो आहे, आणि यात जो आर-२२ गॅस आहे त्यावर बंदी आल्यामुळे दुरुस्ती करणे आता बेकायदा आहे. या शेवटच्या वाक्याने मी गप्प झाले. खरी गोष्ट अशी आहे की १९८७ च्या माँट्रियल करारानुसार ओझोनच्या थराला घातक अशा वायूंचे उत्पादन आणि व्यापार टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येत आहेत व आर-२२ त्यांत मोडतो. परंतु घरात असलेले यंत्र चालवणे त्या करारानुसार गुन्हा ठरत नाही. नव्या यंत्रातला आर-४१०ए ‘पर्यावरणाला निर्धोक’ असल्याचेही त्याने सांगितले. हा वायू ओझोनला धक्का लावत नाही, एवढेच खरे. वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारांहून अधिक पट, म्हणजे आर-२२ पेक्षाही थोडी जास्तच आहे, आणि त्याच करारात २०१६ मध्ये झालेल्या ‘किगाली दुरुस्ती’ने अशा वायूंनाही कात्री लावली आहे. बंदीचे नाव काढून कोणी यंत्र बदलायला सांगू लागला, तर त्याच्याकडून नियमाचे नाव आणि कलम लिहून मागावे. जो लिहून देत नाही, त्याला तिथूनच परत पाठवावे.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही. गॅस हे इंधन नाही, तो चालवल्याने संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता जो गॅस भरायला किंवा यंत्र बदलायला सांगतो, त्याने निदानच केलेले नसते. आमच्या जुन्या यंत्रात नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटाच्या एका सांध्यातून तेल पाझरल्याचा डाग होता. तो डाग नंतर दुसऱ्या तंत्रज्ञाला त्या यंत्राच्या मी काढून ठेवलेल्या फोटोत दिसला. कदाचित तो सांधा नव्याने करून आमचे काम भागले असते. आता ते सिद्ध करता येणार नाही, कारण ‘भंगाराची सोय आम्हीच करतो, ताई’ असे म्हणून त्याने जुने युनिट त्याच दिवशी उचलून नेले. निर्णय होईपर्यंत जुने यंत्र कोणालाही नेऊ देऊ नका.

खोलीच्या दारात उभे राहून त्याने ‘अडीच टन लागेल’ असे सांगितले. त्याने मोजपट्टी काढली नाही, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते पाहिले नाही, वर उघडे छत आहे की दुसरा मजला, हेही विचारले नाही. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचे एकक), सुमारे साडेतीन किलोवॅट. त्यामुळे एका टनाची चूक म्हणजे फार मोठी चूक. यंत्र गरजेपेक्षा मोठे असले की खोली झटकन थंड होते, ते आपोआप थांबते, पुन्हा सुरू होते, आणि हवेतली आर्द्रता काढायला त्याला वेळच मिळत नाही. उलट, बाहेर थंडी वाढते तशी हीट पंपाची, म्हणजे अशा थंड-गरम यंत्राची, गरम करण्याची क्षमता घटत जाते, म्हणून हीटिंगचा हिशेब वेगळा करावा लागतो. दुसऱ्या तंत्रज्ञाने घर मोजायला पाऊण तास घेतला आणि दोन्ही हिशेब करून दीड टन सांगितले.

कोटेशनवर लिहिले होते, ‘थंड-गरम यंत्र, नामांकित कंपनी, नळी व फिटिंगसह.’ त्यावर मॉडेल क्रमांक, नळीची लांबी, गॅसचे वजन, चाचणी यांपैकी काहीच नव्हते. मी दुसऱ्याच्या कार्यालयात असा कागद परत पाठवला असता. इथे मी त्याखाली सही केली आणि ६० टक्के रक्कम बँकेतून पाठवली.

आता जिथे मी थांबायला हवे होते, त्या क्षणाविषयी सांगते. दोन दिवसांनी सामान आले. इनडोअर युनिट खोक्यात होते, आउटडोअर युनिट मात्र नुसत्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते. खोके कुठे आहे असे मी विचारले, तेव्हा गाडीत मावत नव्हते म्हणून दुकानातच काढून ठेवले, असे उत्तर मिळाले. मी प्लास्टिक बाजूला केले. नेमप्लेटच्या जागी एक कोरा करकरीत स्टिकर होता, त्याचा खालचा उजवा कोपरा उचललेला होता आणि त्याखालून जुन्या, पिवळट पट्टीवरचे दोन आकडे दिसत होते. वरच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर ज्या आकड्यांवर संपत होता ते हे नव्हते. मी ते स्पष्ट पाहिले. मी बोट लावणार तेवढ्यात त्याने अंगठ्याने तो कोपरा दाबून बसवला आणि म्हणाला, ‘वाहतुकीचा स्टिकर असतो तो, ताई. खाली कंपनीचाच आहे.’ मी हात मागे घेतला. त्या वेळी ४० टक्के रक्कम माझ्याकडे होती, माणूस माझ्या दारात होता, यंत्र जमिनीवर होते. नखाने तो कोपरा सोलायला दोन सेकंद लागले असते. मी ते केले नाही, कारण चारचौघांसमोर संशय घेणे मला अपमानास्पद वाटले, आणि आत वडील खोकत होते. त्यानंतर पाच मिनिटांत मी पुढचे ३० टक्के पाठवले. त्या पाच मिनिटांचा विचार आजही रोज रात्री माझ्या मनात येतो.

सामान दारात आले म्हणून पैसे देऊ नयेत; नेमप्लेटवरचा नंबर स्वतः कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून पडताळावा आणि मगच द्यावेत. कंत्राटदाराने लावून दिलेल्या फोनवर हे करू नये.

जोडणीच्या वेळी व्हॅक्यूम पंप गाडीतच राहिला. त्याने झडप किंचित उघडली, सुमारे अर्धा मिनिट फुसफुस आवाज होऊ दिला आणि ‘हवा निघाली’ असे जाहीर केले. नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपानेच काढायचा असतो. दाब इतका खाली न्यावा लागतो की आतले पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जाईल. चांगले कारागीर पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (अतिशय कमी दाब मोजायचे एकक) खाली जातात, मग पंप बंद करून दाब वाढतो का ते पाहतात, आणि त्याआधी नायट्रोजन भरून गळतीची चाचणी घेतात. ओलावा आत राहिला तर आर-४१०ए सोबत वापरले जाणारे तेल तो शोषून घेते, त्यातून आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसर आतून खराब होतो. पंपाचा आवाज ऐकू आला नाही, तर काम झालेले नाही असे समजावे.

जादा नळीचे १२ टक्के घेताना त्याने २२ मीटर नवी तांब्याची नळी लावल्याचे सांगितले. मोजली तेव्हा ती ९ मीटर भरली, आणि त्यातली बरीचशी आमचीच जुनी होती, आत जुन्या यंत्राचे तेल तसेच राहिलेले. करारातले शेवटचे १० टक्के तो मागायला कधीच आला नाही. कोणताही प्रामाणिक माणूस आपल्या घामाचे १० टक्के सोडत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

१९ व्या दिवशी गरम हवा बंद झाली. त्याचा फोन आधी व्यग्र, मग बंद. दुसऱ्या तंत्रज्ञाने गॅस काढून वजन केला, तेव्हा नेमप्लेटवर १.९० किलो लिहिलेले असताना आत १.०५ किलोच निघाला. त्यानेच माझ्यासमोर स्टिकर सोलला. खालच्या नंबरचे यंत्र सहा वर्षांपूर्वी विकले गेल्याचे कंपनीने कळवले. वरचा नंबर त्यांच्या नोंदीतच नव्हता. वॉरंटीचा प्रश्नच उरला नाही, आणि तो कंत्राटदार आमचा अधिकृत विक्रेता नसल्यामुळे आम्ही काही करू शकत नाही, असे सांगून कंपनीने विषय संपवला. त्यांच्या नावाचा खोटा स्टिकर छापला गेला आहे, याचे त्यांना काही वाटल्याचे दिसले नाही.

पोलिसांकडे गेले तेव्हा दीड तास बाकावर बसवून ठेवल्यानंतर मला विचारण्यात आले की पैसे मी स्वतःहून दिले ना, आणि यंत्र बसवले आहे ना. दोन्ही उत्तरे ‘हो’ येताच हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याचे सांगून माझा अर्ज परत केला गेला. काम वाईट झाले, एवढेच असते तर मी हे मान्य केले असते. परंतु खोटा नंबर चिकटवून जुनी वस्तू नवी म्हणून विकणे हा कामाच्या दर्जाचा वाद कसा होतो, हे मला आजवर कोणीही समजावून सांगितलेले नाही. दुसऱ्या वेळी मी सोललेला स्टिकर पिशवीत घालून नेला, तर तो मीच काढल्यामुळे पुराव्याला अर्थ उरला नाही असे ऐकवण्यात आले. काढला नसता, तर पुरावाच नाही असे म्हणाले असते. निदान तुम्ही तरी अशी वस्तू सापडली की आधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा आणि मग हात लावा.

कंत्राटदारांच्या नोंदणी कार्यालयात वेगळाच प्रकार झाला. कोटेशनवर छापलेला परवाना क्रमांक खरा निघाला, पण तो विजेच्या जोडणीच्या कामाचा होता, गॅसच्या यंत्रांचा नव्हता. म्हणून ही तक्रार आमच्या कक्षेत येत नाही, असे तिथल्या बाईंनी कागद न वाचताच सांगितले. म्हणजे ज्या परवान्याच्या जोरावर त्याने माझ्या घरात पाऊल ठेवले, तो देणाऱ्यांनाच त्याच्या गैरवापराशी काही देणेघेणे नाही. परवाना क्रमांक आहे, एवढ्यावर समाधान मानू नका; तो कोणत्या कामाचा आहे ते विचारा. बँकेने सांगितले की रक्कम मी स्वतः मंजूर करून पाठवली असल्याने ती परत आणता येत नाही. ग्राहक तक्रार कक्षाने माझ्याकडे बिल मागितले. माझ्याकडे कोटेशन आणि बँकेची नोंद होती, बिल नव्हते, आणि बिल न देणारा माणूसच फसवणारा आहे हे सांगूनही तीन महिने अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहिला. शेवटी तो दाखल झाला, पण सुनावणी आतापर्यंत चार वेळा पुढे गेली आहे, त्यांपैकी तीन वेळा समोरचा हजर नव्हता म्हणून आणि एकदा अधिकारी रजेवर होते म्हणून. चारही वेळा मी कामावर रजा टाकून, वडिलांपाशी कोणालातरी बसवून, कागदांची पूर्ण फाइल घेऊन तिथे गेले होते. जो येत नाही त्याला पुढची तारीख मिळते, आणि जो येतो त्याचा दिवस जातो, अशी ही व्यवस्था आहे.

दुसऱ्या तंत्रज्ञाने दीड टनाचे, पडताळलेल्या नंबरचे नवे यंत्र बसवले. त्याने स्वतःहून आपल्या रकमेपैकी ३० टक्के आगाऊ घेतले, ४० टक्के व्हॅक्यूमची चाचणी माझ्यासमोर झाल्यावर आणि उरलेले ३० टक्के पंधरा दिवस यंत्र चालल्यावर घेतले. घरातले इतर भाग वापरता आल्यामुळेच त्याचा एकूण खर्च ३८ टक्क्यांवर थांबला.

पहिल्या कंत्राटदाराने बसवलेले ते वापरलेले आउटडोअर युनिट मात्र अजून भिंतीवरच आहे. निकाल लागेपर्यंत ते हलवू नये, असे मला तक्रार कक्षाने लेखी कळवले आहे, त्यामुळे नवे युनिट त्याच्या शेजारी दुसरे स्टँड ठोकून बसवावे लागले. पाचवी तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि मी तेव्हाही जाणार आहे.