एंटरप्राइज आर्किटेक्चरचं जुनं पुस्तक, आठ महिने वापरल्यावर

एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे कंपनीतली कामं, माहिती आणि कॉम्प्युटर ह्यांची एकत्र आखणी. त्याचं हे पुस्तक फेब्रुवारीत नागपूरच्या बर्डीवर जुन्यात घेतलं, २२० रुपयाला, नवं आपल्याला परवडतच नाही. वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडेच आहे म्हणून घेतलं, पण चार प्रकरणं वाचून ठेवून दिलं. आयबीएमच्या जॉन झॅकमननं १९८७ मध्ये ह्या आखणीसाठी मांडलेला तक्ता, मग १९९२ मध्ये जॉन सोवासोबत तो वाढवून काय, कसं, कुठं, कोण, कधी, काहून असे सहा कॉलम, वाटलं आपल्या चौदा माणसांच्या ऑफिसाला हे काय करायचं.

ऑगस्टात एका जुन्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, एकाच बिल्टीचं (माल पाठवल्याच्या पावतीचं) बिल दोनदा गेलं. फोनवर मालकानं जे ऐकलं ते मग मी ऐकलं. त्या रात्री पुस्तक परत काढलं.

आता मेन राग. ह्यात सगळ्यात कामाचा तक्ता म्हणजे उभं कामं, आडवं डेटा, आणि चौकटीत 'सी' म्हणजे ही माहिती इथं तयार होते, 'यू' म्हणजे इथं नुसती वापरतात. तो दोन पानांवर छापलाय आणि मधले तीन कॉलम शिवणीत गेलेत! पान दाबलं, मोबाईलची लाईट लावली, तरी दिसत नाही. पुस्तकाचा जीवच तिथं आहे आणि तेच वाचता येऊ नये? दुकानदार बदलून देईना.

मग ड्रॉइंगशीटवर स्वतःच आखला, आपल्या ऑफिसाचा. 'पार्टी'च्या कॉलमात तीन 'सी' आले, बुकिंग, गोडाऊन आणि अकाउंट, तिघंही आपापल्या स्पेलिंगनं नवी पार्टी उघडतात, मग बिल दोनदा जाईल नाहीतर काय होईल. पुस्तक म्हणते आधी डेटा ठरवा, मग अ‍ॅप्लिकेशन, मशीन शेवटी. आम्ही तीन वर्षांआधी सॉफ्टवेअरच आधी घेतलं होतं.

म्हणून माझं मत बदललं, २२० रुपये वसूल झाले. आता नवी पार्टी फक्त बुकिंगच उघडते, १५ अक्षरी जीएसटी नंबर टाकूनच. अकाउंटच्या काकांना पहिले पटलं नव्हतं, त्यांना शीट भिंतीवर लावून दाखवली तेव्हा पटलं. जीएसटी नसलेल्या छोट्या पार्ट्यांचं अजून बाकी आहे, तिथं मोबाईल नंबर धरून पाहतोय.

शेवटची प्लॅनिंगची प्रकरणं मोठ्या कंपन्यांसाठी आहेत, मी सोडली. जुनी कॉपी घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी तो तक्ता उघडून मधले कॉलम दिसतात का पाहा.