ओहायोची मतपत्रिका: एक फुली की प्रत्येक पदाला वेगळी?

1949 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून मतपत्रिकाच बदलली. जुन्या पत्रिकेत प्रत्येक पक्षाचा उभा रकाना असे. रकान्याच्या डोक्यावरच्या वर्तुळात एक फुली मारली, की गव्हर्नरपासून खालपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत. काम झटपट, मोजणी सोपी, आणि पक्षयंत्रणेच्या फायद्याचं. खालच्या पदावरचा सुमार उमेदवारही वरच्या नावाच्या जिवावर तरून जाई.

नव्या पत्रिकेत पदागणिक उमेदवारांचा वेगळा गट, प्रत्येक पदासाठी स्वतंत्र खूण. यादीत पहिलं असण्याचा फायदा एकालाच मिळू नये म्हणून नावांचा क्रमही पत्रिकांमध्ये आलटून पालटून छापायचा. मला ही तरतूद फार आवडते. न्याय किती बारकाईने करता येतो ते यात दिसतं.

1950 मध्ये लगेच कसोटी लागली. डेमोक्रॅट फ्रँक लाउशी पुन्हा गव्हर्नर झाले. सिनेटसाठी मात्र त्याच मतदारांनी रिपब्लिकन रॉबर्ट टाफ्ट यांना सुमारे 4 लाख 31 हजारांच्या आघाडीने निवडलं. त्यांच्यासमोर लाउशींच्याच पक्षाचे, राज्याचे ऑडिटर जोसेफ फर्ग्युसन होते. या आघाडीचं सगळं श्रेय पत्रिकेला देता येणार नाही. पण लाउशींच्या लोकप्रियतेवर फर्ग्युसन यांना आयती मतं मिळण्याची वाट तिने नक्कीच बंद केली.

नव्या पद्धतीत खालची पदं कोरी सोडणारे मतदार वाढतात, हा आक्षेप खरा आहे. तरीही मी नव्या पत्रिकेच्याच बाजूने आहे. खजिनदार निवडताना खजिनदाराचंच नाव वाचायला हवं.