चौदा नंबरचा प्लॉट

माझ्या कपाटात एक प्लॉट आहे. म्हणजे त्याचे कागद आहेत. पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेलं साठेखत, म्हणजे पुढे जमीन विकण्याचा करार, त्याला टाचलेली ताबा पावती, मागे कुलमुखत्यारपत्राची (मालकाच्या वतीने सह्या करायचा अधिकार देणाऱ्या कागदाची) झेरॉक्स आणि पानापानावर नोटरीचा लाल गोल शिक्का. एवढ्या गठ्ठ्याला मी साडेपाच लाख रुपये मोजले. जमीन ज्यांची होती त्यांचीच आहे.

एजंटने खोटं बोलून फसवलं, असं मी बरीच वर्षं सांगत फिरलो. पुढे एका वकीलबाईंनी ते कागद माझ्यासमोर ओळीओळीने वाचले आणि मी गप्प झालो. कागदावर खोटं जवळजवळ काहीच नव्हतं. साठेखताला साठेखतच म्हटलं होतं. खरेदीखत, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्त, समजलो मी. म्हणून इथे माणसापेक्षा शब्दांबद्दल जास्त लिहितो आहे. तो माणूस तुम्हाला भेटणार नाही, शब्द मात्र नक्की भेटतील.

चिंचवडच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं टर्नर होतो. ड्रॉइंगवर एखादं माप नसेल तर जॉब मशीनला लावायचो नाही, सुपरवायझरने कितीही आरडाओरडा केला तरी. व्हीआरएस घेतली, हातात पैसे आले, आणि कँटीनमधल्या एका जुन्या मित्राने चाकणच्या पुढे, खेड तालुक्यात, गुंठा तीन लाखाने मिळतोय असं सांगितलं. मे २०१५ ची गोष्ट. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. खाली दोन खोल्या, पुढे आंब्याचं झाड, हे सगळं माझं मोटारसायकलवरून परत येतानाच बांधून झालं होतं.

जागेवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्यात सिमेंटचे पोल, कमानीवर बोर्ड: 'एनए प्रपोज्ड बंगलो प्लॉट'. मी विचारलं, प्रपोज्ड म्हणजे? "प्रस्ताव टाकलाय काका, झाल्यात जमा." एनए म्हणजे अकृषिक परवानगी. तेव्हा ती मिळेपर्यंत जमीन शेतीचीच होती. प्रस्ताव कुणीही टाकतो. टाकला होता की नाही हेही मी कधी पाहिलं नाही.

आणि शेतजमीन असेल तर आणखी दोन कुलपं असतात. एक, कूळ कायद्याचं कलम ६३: शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या नावावर कुठेच शेत नव्हतं. दुसरं, १९४७ चा तुकडेबंदी कायदा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकायला त्याची आडकाठी. हे प्रमाणभूत क्षेत्र किती, ते बदलत आलंय; ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे ठरलं. माझे दोन गुंठे कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. एजंट म्हणाला, "म्हणूनच तर आत्ता साठेखत करायचं. एनए झालं की खरेदीखत." ऐकायला किती सरळ वाटतं बघा.

आता सातबारा. तो त्याने पहिल्याच दिवशी दिला होता, तलाठ्याच्या सहीशिक्क्याचा. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच.) गट एक, क्षेत्र ०.८२ हेक्टर, भोगवटादार तीन भाऊ. आम्हाला प्लॉट देणारा त्यातला थोरला. त्याचं नाव छापील दिसलं आणि माझं समाधान झालं. गाव नमुना सात आणि बारा हे महसुलाचं दप्तर आहे, मालकीचा दस्त नाही, हे मला माहीत नव्हतं. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

आमच्या हिने तो कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारला होता. "या खाली दोन बायकांची नावं आहेत. त्यांच्या सह्या कुठायत?"

ती नावं 'इतर हक्क' या रकान्यात होती. वर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, खाली दोघी बहिणी. मी एजंटला फोन लावला. तो हसला. "काका, इतर म्हणजे इतर. मालक वरचे." मीही हसलो, आणि फोन ठेवून हिला म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं. २००९ मध्ये तिने स्वतः माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांसमोर अंगठा देऊन, फोटो काढून करून दिलेलं होतं. भावांनी साडी घेतली होती. बहिणीची सही लागते म्हणजे लागतेच, हे माझ्या घरात एका माणसाला अनुभवाने ठाऊक होतं, आणि मी तिलाच गप्प केलं.

बाप गेला की मुलगी मुलाइतकीच वारस. वडिलोपार्जित मिळकतीत तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तिचा हक्क जन्मापासूनचा. जुन्या फेरफारांत, म्हणजे सातबारावरची नावं बदलण्याच्या नोंदींत, भावांची नावं वर आणि बहिणींची इतर हक्कात टाकायची पद्धत होती. त्याने हिस्सा कमी होत नाही. म्हणजे वारस पाच. ०.८२ हेक्टर म्हणजे साधारण ८१ गुंठे, थोरल्याच्या वाट्याला सोळा. एजंटच्या नकाशावर दोन-दोन गुंठ्यांचे ३२ प्लॉट होते. चौसष्ट गुंठे! हा गुणाकार पाचवीतलं पोर करेल. मी तो २०१९ मध्ये केला. शिवाय वाटप झालेलं नसेल तर ते सोळा तरी नेमके कुठले, ओढ्याकडचे की रस्त्याकडचे, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याला अविभक्त हिस्सा म्हणतात.

प्लॉट नंबर १४ म्हणून मी ज्याच्या चार कोपऱ्यांत नारळ फोडले, तो आकडा कुठल्याच सरकारी दप्तरात नव्हता. तो फक्त एजंटच्या झेरॉक्सवर होता. मोजणीचा नकाशा नाही, मंजूर लेआउट नाही. साठेखतातली चतुःसीमा वाचा म्हणाल्या वकीलबाई. वाचली. पूर्वेस अमुक गट, दक्षिणेस ओढा. संपूर्ण गटाची चतुःसीमा. माझ्या दोन गुंठ्यांना सीमाच नव्हती.

जून २०१५ मध्ये सह्या झाल्या. अडीच लाखांचा चेक, तीन लाख रोख. उरलेले पन्नास हजार खरेदीखताच्या वेळी. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने त्याच महिन्यापासून मनाई आली होती. साठेखतात अडीच लाखच लिहिले. "काका, स्टॅम्प ड्युटी वाचते." वाचली खरी. तीन लाखांचा पुरावाही वाचला नाही.

नोटरीचा शिक्का पाहून मला वाटलं, सरकारने पाहिलं. नोटरी पाहतो ते सही कोणी केली एवढंच. जमीन कुणाची हे तो बघत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (१८८२) कलम ५४ सरळ सांगतं की विक्रीच्या कराराने जमिनीत कुठलाही हक्क निर्माण होत नाही. हक्क येतो तो नोंदणी केलेल्या खरेदीखताने, ज्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे लोकांच्या तोंडचं इंडेक्स टू, निघते. आणि साठेखत अधिक कुलमुखत्यारपत्र या जोडगोळीने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं होतं. माझ्या सहीच्या जवळपास चार वर्षं आधी.

मला सगळ्यात महागात पडला तो एक साधा आकडा. साठेखतात लिहिलं होतं, सहा महिन्यांत खरेदीखत करून देऊ. म्हणजे डिसेंबर २०१५. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत, करार पुरा करून द्या असा दावा लावावा लागतो. मी दर दिवाळीला फोन करायचो. दर दिवाळीला तो म्हणायचा, फाइल कलेक्टर ऑफिसला आहे, आपण घरचीच माणसं. मी त्याला फराळाचा डबासुद्धा नेऊन दिला होता एकदा. डिसेंबर २०१८ उलटला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी जागेवर गेलो तर चौदा नंबरला तारेचं कुंपण, आणि आत एक गृहस्थ टेप लावून मोजत होते. त्यांच्याकडेही साठेखत. तोच नंबर, तोच शिक्का, तारीख २०१७ ची. थोरला भाऊ मधल्या काळात वारला होता. माणूस गेला की त्याने दिलेलं साधं कुलमुखत्यारपत्रही जातं, त्यामुळे एजंट आता कुणाच्याच वतीने सही करू शकत नव्हता.

पोलीस आधी दिवाणी स्वरूपाचं प्रकरण म्हणाले. एक प्लॉट दोघांना विकलाय हे आम्ही दोघे मिळून दाखवल्यावर तक्रार घेतली. तडजोडीत मला हप्त्याहप्त्याने सव्वा लाख आले. पुढे काही नाही.

त्या दोघींपैकी धाकट्या बहिणीने वाटपाचा दावा लावलेला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात ती भेटली. साठीची असेल, पिशवीत डबा, पाण्याची बाटली. मी जरा तावातच बोललो, की तुमच्या भावाने आमच्याकडून पैसे घेतले, तुम्हाला माहीत नव्हतं का. ती म्हणाली, "मला तरी कुणी विचारलं होतं का? तुम्ही आला होतात का घरी?" गेलो नव्हतो. सातबारावर तिचं नाव होतं, गाव होतं, दोन किलोमीटरवर घर होतं.

आज सातबारा ऑनलाइन फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. फेरफार पाहता येतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जुने दस्त शोधता येतात. तरी तीस वर्षांच्या दस्तांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून काढा, एजंटच्या वकिलाकडून नाही. पेपरात जाहीर नोटीस द्या. मी ती फी वाचवली होती, तेव्हा यात मला अक्कल शिकवायचा अधिकार नाही, एवढं मान्य.

मागच्या महिन्यात पुतण्या आला. तळेगावच्या बाजूला प्लॉट बघतोय. "काका, हे लोक साठेखत रजिस्टर करून देतायत, नोटरी नाही," म्हणाला, म्हणजे माझी गोष्ट त्याने ऐकलेली होती. कराराचा मसुदा आणि सातबारा टेबलावर ठेवला. मी चष्मा शोधत होतो. तोवर हिने बोट ठेवून नावं मोजायला सुरुवात केली होती. वरची चार, इतर हक्कातली तीन. मग तिने मसुद्याचं शेवटचं पान उघडलं. सह्यांसाठी जागा चार.