अक्कलदाढ: मुळासकट काढावी की फक्त वरचा भाग?

खालच्या अक्कलदाढेची मुळं जबड्यातल्या नसेला खेटून असतील तरच हा प्रश्न येतो. एक्स-रेत नसेच्या नळीची पांढरी कड तुटलेली, मूळ काळपट किंवा नळी वाकलेली दिसली, तर आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन करून घ्यावा.

दाढ पूर्ण काढली की विषय एकदाच संपतो. पण मूळ उचकटताना नस दाबली किंवा ताणली गेली, तर त्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत ते महिन्यांत परतते. थोड्यांची कायमची जाते, आणि चहा ओठावरून ओघळलेलाही कळत नाही.

कोरोनेक्टॉमीत वरचा भाग कापून मुळं हाडाच्या कडेपासून साधारण ३ मिमी खाली तशीच ठेवतात. या नसेचा धोका बराच घटतो. मुळं पुढे हळूहळू वर सरकतात, त्यामुळे क्वचित दुसरी शस्त्रक्रिया लागते. तोवर ती सहसा नसेपासून लांब आलेली असतात. मुळाशी जंतुसंसर्ग असेल किंवा कापताना मुळं हलली, तर मात्र ती काढावीच लागतात.

जिभेची नस वेगळी. तिला इजा दोन्हींत होऊ शकते.