पीएमडी: रिकामा कॅच पकडतो, सजवलेला सोडतो

हिंजवडीतील आमच्या कार्यालयात बिलांच्या हिशेबाचा एक जुना जावा प्रकल्प आहे. गेल्या वर्षी त्यातील काही नोंदी डेटाबेसपर्यंत पोहोचल्याच नाहीत आणि लॉगमध्येही मागमूस सापडला नाही. दोन दिवसांच्या शोधानंतर एका रिकाम्या कॅच ब्लॉकने (चूक घडल्यावर काय करायचे ते लिहिण्याच्या कोडच्या भागाने) एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना उद्भवलेल्या चुकीची सूचना, गिळल्याचे उघड झाले. तेव्हापासून पीएमडी हे कोडमधील चुका शोधणारे मोफत, मुक्तस्रोत साधन आम्ही मेव्हनच्या (जावा प्रकल्प बांधणाऱ्या साधनाच्या) बिल्डला जोडले आहे.

पीएमडी प्रोग्राम चालवत नाही. ते सोर्स कोड वाचून त्याचा रचनावृक्ष तयार करते आणि त्यावर नियम पडताळते. स्पॉटबग्ज या दुसऱ्या तपासणी साधनाला कम्पाइल झालेला बाइटकोड लागतो, तशी गरज त्याला भासत नाही.

आम्हाला सर्वाधिक उपयोग झाला तो ‘प्रिझर्व्हस्टॅकट्रेस’ या नियमाचा. कॅचमध्ये नवे एक्सेप्शन फेकताना मूळ एक्सेप्शन त्याचे कारण म्हणून सोबत दिले नाही, तर चूक नेमकी कोणत्या ओळीवर घडली याचा धागाच तुटतो, आणि वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास निसटणारी ही गफलत हे साधन पकडते. फायनली ब्लॉकमधील (चूक घडो वा न घडो, शेवटी चालणाऱ्या भागातील) रिटर्नही दुसऱ्या एका नियमाने ते दाखवते. असा रिटर्न वर निघालेले एक्सेप्शन गुपचूप नाहीसे करतो, हे आमच्यातील अनुभवी मंडळींनाही आठवत नव्हते.

तक्रार आहे ती रिकामा कॅच पकडणाऱ्या ‘एम्प्टीकॅचब्लॉक’ या नियमाबद्दल. ब्लॉकमध्ये लॉगची एक ओळ लिहिली की इशारा थांबतो, मग पुढचा कोड अर्धवट माहितीवर चालत राहिला तरी चालते. दप्तर नीटनेटके, पण हिशेब जुळत नाही, अशी ही गत. कॅचमधील एक्सेप्शनच्या व्हेरिएबलला ‘इग्नोर्ड’ असे नाव दिले तरीही मूळ मांडणीत हा नियम मुकाट राहतो. आमच्या एका सहकाऱ्याने एका दुपारी अशा पद्धतीने सगळे इशारे मिटवले होते, आणि अहवाल अगदी स्वच्छ आला!

सरसकट ‘एक्सेप्शन’ पकडू नये, हा नियम याउलट जरा जास्तच बोलतो. थ्रेडच्या सर्वांत बाहेरच्या लूपमध्ये तसे पकडणे योग्यच असते, म्हणून तेथे आम्ही त्या ओळीवरचा इशारा थांबवणारी ‘नोपीएमडी’ टिप्पणी लिहितो आणि तिच्यासोबत कारण नसेल तर रिव्ह्यूमध्ये बदल परत पाठवतो.

जुन्या प्रकल्पाला सगळे नियम एकदम लावू नयेत, अन्यथा इशाऱ्यांच्या ढिगाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वरील पहिले दोन नियम आधी लावावेत. लॉग लिहून पुढे सरकणारे कॅच मात्र अजूनही आम्ही माणसाकडूनच तपासून घेतो.