क्लास सुटल्यावर: ओव्हल की धोबीतलाव?

मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या आलियाँस फ्राँसेजमधून, म्हणजे फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेतून, बाहेर पडलं की दोन वाटा फुटतात.

दक्षिणेला ओव्हल मैदान. पूर्वेला हायकोर्ट आणि १८७८चा राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३०-४०च्या दशकांतल्या शैलीच्या, इमारती. २०१८ पासून जागतिक वारसा. जायचं तर संध्याकाळीच, तेव्हा मावळतीचं ऊन थेट टॉवरच्या दगडावर येतं. मधे क्रिकेटचे इतके डाव चाललेले असतात की कुणाचा चेंडू कुणाचा, देव जाणे!

उत्तरेला धोबीतलाव. १९३८चं मेट्रो थिएटर ओलांडलं की १९०४ची कयानी, म्हणजे जुनं इराणी हॉटेल. ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, टाळूला टोचतो, म्हणून चहात बुडवायचा. वर लोण्याचे पिवळे थेंब तरंगतात. गर्दी, हॉर्न, फुटपाथ नावालाच.

पाहुण्यांना मी ओव्हलला नेते. एकटी असले की धोबीतलाव.