एकच कंडक्टर, तीन वाटा: टिप्स, फोटो की प्रत्यक्ष स्केचिंग?

पात्रं काढायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू? हा प्रश्न दहावी-बारावीतली मुलं विचारतात, आणि नोकरी सांभाळून रात्री स्केचबुक उघडणारेही विचारतात. समोर तीन वाटा दिसतात: टिप्स शिकवणारे व्हिडिओ आणि पुस्तकं, फोन भरून साठवलेले रेफरन्स फोटो, किंवा वही घेऊन सरळ बाहेर पडणं. तिन्ही चांगल्या, असं म्हणून मोकळं होता येतं. पण रोज तासभरच मिळत असेल तर तो कुठे घालायचा ते ठरवावंच लागतं. म्हणून एकच पात्र घेऊ, आपला एसटीचा कंडक्टर, आणि तिन्ही वाटांनी काढून बघू.

टिप्सवरून काढलेला कंडक्टर

ह्या वाटेचा मोठा गुण म्हणजे पहिल्याच आठवड्यात हाताला काहीतरी लागतं. एक गोळा काढा, त्याच्या दोन्ही बाजू चपट्या करा, खाली जबडा जोडा, की डोकं तयार. अमेरिकन चित्रकार अँड्र्यू लूमिस यांच्या पुस्तकांतून पसरलेली ही पद्धत आजही असंख्य व्हिडिओंचा पाया आहे. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवखा माणूस ते हटकून वर काढतो, कारण केसांखालच्या कवटीचा त्याला विसर पडतो. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरतात, चार-पाच वर्षांच्या मुलाची पाच. कार्टूनमध्ये तीन डोक्यांचा माणूसही शोभतो. गोल आकार प्रेमळ वाटतो, चौकोनी ठाम वाटतो, टोकदार आकारात धोका जाणवतो.

मला ह्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती काळं भरण्याची, म्हणजे छायाकृतीची टिप. पात्र काढून झालं की आतलं सगळं काळं करा आणि नुसत्या बाह्यरेषेवरून ते ओळखू येतं का बघा. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन असा काळा भरून बघा: टक्कल, कानांवरचे केस, फुगीर नाक, चौकड्यांचा कोट आणि खाली धोतर. चौकड्या दिसेनाशा झाल्या तरी माणूस ओळखू येतो.

आता आपला कंडक्टर. गोल पोट, चौकोनी खांदे, बाजूला पिशवी. नीटनेटका झाला, प्रमाणही बरोबर आहे. पण पिशवी बदलली की तोच पोस्टमन होतो आणि काठी दिली की वॉचमन. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना ही अडचण चटकन कळेल. स्मरणचित्रासाठी पाठमोरी बाई, छत्रीवाला माणूस, हात धरलेलं मूल अशा चार-पाच आकृत्या पाठ केल्या की बाजार असो, बसस्टॉप असो की जत्रा, त्याच आकृत्या सगळीकडे उभ्या राहतात. गुण मिळून जातात, पण त्या चित्रात माणूस कुणीच नसतो. टिप्सनी शरीर बांधता येतं. कुणाचं शरीर, हे मात्र त्या सांगू शकत नाहीत.

फोटो समोर ठेवून काढलेला कंडक्टर

फोटोचा खरा उपयोग माहितीसाठी. खाकी शर्टाचे खिसे, बिल्ला, चामडी पिशवीचा पट्टा, तिकिटाचं मशीन, हे मनाने काढलं की चुकतंच. इथे काळाचं भान मात्र ठेवावं लागतं. छापील तिकिटांचा ट्रे आणि चिमटा एका काळातले, हातातलं मशीन नंतरचं. दोन फोटोंतून अर्धंअर्धं उचललं की कंडक्टर कुठल्याच काळातला राहत नाही. नऊवारीचा काष्टा, फेट्याची घडी, बैलगाडीचं जू, ह्या सगळ्यांना हेच लागू. अशा वेळी एका फोटोवर विसंबू नका. निदान तीन बघा, पुढून, बाजूने आणि मागून, आणि मग ते बाजूला ठेवून काढा.

पोझ शिकायला मात्र फोटो मला कमी भरवशाचा वाटतो. हातभर अंतरावरून फोनने काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ते तसंच उतरवलं की पात्र विचित्र होतं आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. शिवाय फोटोतला माणूस एका क्षणात गोठलेला असतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं पाऊल दिसत नाही, त्यामुळे वजन कुठल्या पायावर आहे हे नवख्याला उमगत नाही.

आणखी एक काळजी घ्या. पिंटरेस्टवर फोटो शोधता शोधता दुसऱ्यांची चित्रंही गोळा होतात. त्या चित्रांत काय ठेवायचं, काय गाळायचं हे त्या चित्रकाराने आधीच ठरवलेलं असतं. तेच उचलत गेलात तर तुमच्या पात्राचं नाक कायम दुसऱ्याच्या वहीतून येईल.

गाडीत बघून काढलेला कंडक्टर

आता गाडीत बसा, मागून तिसऱ्या रांगेत, वही मांडीवर. कंडक्टर तिकिटं काढत येतोय. त्याच्या पायांकडे बघा. पाय फाकवलेले आहेत आणि एक मांडी सीटच्या कडेला टेकवलेली आहे, कारण त्याला दोन्ही हात मोकळे हवेत. नोटा लांबट दुमडून बोटांच्या बेचक्यांत धरल्या आहेत. पिशवी पाठीवर नसून पोटाशी आहे, कारण सुट्ट्या पैशांसाठी हात सारखा आत जातो. तिच्या ओझ्याने पट्टा घसरू नये म्हणून तो खांदा थोडा वर उचललेला आहे. ड्रायव्हरने ब्रेक मारला की आधी गुडघे वाकतात, डोकं जवळपास त्याच उंचीवर राहतं. सगळी गाडी पुढे झुकते आणि हा एकटा ताठ.

ती टेकलेली मांडी आणि तो उचललेला खांदा कागदावर आले की पात्र झालं. आता पिशवी काढून घेतली तरी तो पोस्टमन होत नाही.

ही वाट अवघड आहे. माणसं हलतात, अर्ध्या मिनिटात पोझ मोडते आणि पहिली वीस-तीस पानं दाखवण्यासारखी नसतात. पेन्सिलीपेक्षा बॉलपेन बरं, कारण खोडायचा मोह राहत नाही. आधी डोक्यापासून टाचेपर्यंत एक ओघाची रेषा, मग खांद्यांचा कल, कमरेचा कल. चेहरा सगळ्यात शेवटी, आणि वेळ नसेल तर नाहीच. कुणाला आपण बघतोय हे खटकलं तर हसून वही दाखवावी. नको म्हणाले तर थांबावं.

ह्या वाटेने माणूस किती लांब जातो ते बघायचं तर गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या सचित्र रोजनिश्या बघा. कलाशाळेचं रीतसर शिक्षण नसताना तरुण वयात त्यांनी आपल्या लोटली गावातली आणि आजूबाजूची माणसं रोज वहीत उतरवली. त्यांच्या चित्रांतल्या गर्दीत प्रत्येक चेहरा वेगळा असतो.

मग तुम्ही काय निवडाल?

अगदीच कोरा हात असेल तर तीन-चार आठवडे टिप्सना द्या, डोकं, प्रमाण आणि छायाकृती एवढंच. त्यापुढे टिप्सचे व्हिडिओ बघणं म्हणजे सराव नाही. ॲनिमेशन किंवा गेमच्या कोर्सला जायचं असेल तर एकच पात्र पुढून, तिरपं, बाजूने आणि मागून काढता यायला हवं. त्यासाठी रचनेच्या टिप्स आणि फोटो दोन्ही लागतील. ऐतिहासिक पात्रं करायची असतील तर फोटो आणि वस्तुसंग्रहालयं आधी. घराबाहेर पडणं जमत नसेल तर घरातलीच माणसं काढा: भाजी निवडणारी आई, पेपर वाचणारे बाबा, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणारा भाऊ.

बाकी सगळ्यांना मी तासातली चाळीस मिनिटं प्रत्यक्ष बघून काढायला सांगेन. उरलेल्या वीस मिनिटांत त्या दिवशीच्या स्केचमधलं जे जमलं नाही, तेवढ्यापुरतीच टिप किंवा फोटो शोधा. पिशवीत गेलेला हात मनगटाशी कसा वळतो हे बसमध्ये दिसलं नसेल, तर घरी आरशासमोर उभं राहून स्वतःचाच हात पिशवीत घाला.